नोंदीतले वय : कुटुंबेतिहासाच्या साधनांमधील वयभिन्नतेचा विचार

१

कुटुंबाच्या इतिहासाची साधने एकत्र मांडली की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. जन्मपत्रिका, कुलवृत्तांत, शाळेचा दाखला, खानेसुमारीचे पत्रक, सरकारी नोकरीचे सेवापुस्तक, न्यायालयातील जबानी आणि आत्मचरित्र या साऱ्यांत एकाच व्यक्तीचे वय एकसारखे आढळणे हा अपवाद असतो. कोठे एक वर्षाचा फरक पडतो, कोठे दोन-तीन वर्षांचा. उतारवयातील स्त्रीपुरुषांच्या बाबतीत तो पाच-दहा वर्षांपर्यंतही जातो. या विसंगतीचे निरसन करण्याची रूढ रीत ठरलेली आहे. उपलब्ध आकड्यांपैकी एक ‘खरा’ म्हणून स्वीकारायचा, उरलेले ‘चुकीचे’ म्हणून टाकून द्यायचे आणि त्या चुकांचे खापर अज्ञान, विस्मरण किंवा लबाडी यांपैकी एखाद्यावर फोडायचे.

या रीतीने चरित्रकाराची गरज भागते, पण इतिहासाचा एक मोठा पुरावा मात्र वाया जातो. नोंदीतले वय हे बहुतेक वेळा कोणीतरी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते. प्रश्न कोणी विचारला, कोणत्या कामासाठी विचारला आणि उत्तर देणाऱ्याचे त्यात काय पणाला लागले होते, यांवर आकडा ठरतो. म्हणून टाकून दिलेला आकडा हा कुटुंब आणि सत्ता यांच्या संबंधांविषयी काही सांगत असतो. प्रस्तुत निबंधात एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील भारतीय उदाहरणांच्या आधारे या विधानाची तपासणी केली आहे.

२

पहिला प्रश्न मोजणीच्या पद्धतीचा आहे. भारतीय व्यवहारात वय सांगण्याच्या दोन रीती दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदत आल्या. एकीत पुरी झालेली वर्षे मोजली जातात, तर दुसरीत चालू असलेले वर्ष. मराठीत ‘सोळा सरून सतरावे लागले’ असे म्हणताना बोलणारा दोन्ही आकडे एका दमात सांगतो. नुसते ‘सतराव्या वर्षी’ असे म्हटले तर मात्र ऐकणाऱ्याने कोणता आकडा धरावा हे संकेतावर अवलंबून राहते. धर्मशास्त्रात याहून तिसरी मोजणीही आहे. ब्राह्मण मुलाच्या उपनयनासाठी सांगितलेले ‘गर्भाष्टम’ वर्ष गर्भधारणेपासून मोजायचे असते, म्हणजे ते जन्मापासून धरलेल्या आठव्या वर्षाच्या आधीच सुरू होते. यांपैकी कोणतीही मोजणी खोटी नाही. एका मोजणीचा आकडा दुसऱ्या मोजणीच्या चौकटीत वाचला की तो खोटा ठरतो.

हा भेद एका माणसाच्या आयुष्याला केवढा महाग पडू शकतो याचे उत्तम उदाहरण १८६९ साली लंडनमध्ये घडले. त्या वर्षी इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर हे चार भारतीय उत्तीर्ण झाले. यांपैकी बॅनर्जी आणि ठाकूर यांच्या वयाविषयी आक्षेप निघाला आणि त्यांची नावे उत्तीर्णांच्या यादीतून काढण्यात आली. वयाची कमाल मर्यादा २१ वर्षांची होती. बॅनर्जींचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा. १८६३ च्या डिसेंबरात कलकत्ता विद्यापीठाची प्रवेश परीक्षा देताना त्यांनी आपले वय सोळा लिहिले होते. त्या वेळी त्यांना पंधरा पुरी होऊन सोळावे लागले होते. बंगाली घरात या वयाच्या मुलाने ‘सोळा’ सांगणे स्वाभाविक होते. लंडनच्या आयुक्तांनी मात्र त्या ‘सोळा’चा अर्थ सोळा पूर्ण असा लावला, आणि त्या हिशेबाने १८६९ साली उमेदवार मर्यादेबाहेर गेला.

प्रकरण क्वीन्स बेंच न्यायालयापर्यंत गेले. भारतात वय मोजण्याची रीत निराळी आहे एवढाच युक्तिवादाचा गाभा होता. अखेर दोघांनाही पुन्हा स्थान मिळाले. बॅनर्जींचे वडील डॉ. दुर्गाचरण १८७० साली निवर्तले. बॅनर्जी पुढे १८७४ साली सेवेतून बडतर्फ झाले आणि भारतीय राजकारणाच्या पहिल्या पिढीचे नेते बनले. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ नेशन इन मेकिंग’ या त्यांच्या आत्मचरित्रात या प्रकरणाला जागा आहे. वसाहतीच्या अनुभवाची हकीकत वयाच्या वादापासून सुरू व्हावी, हे आत्मचरित्राच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये. सत्तेशी पहिली गाठ पडली ती ‘तू सांगतोस ते तुझे वय नव्हे’ या आक्षेपाच्या रूपाने.

३

अशा प्रकरणांतून एक समज दृढ झाला. भारतीयांना आपले वय ठाऊक नसते, हे विधान वसाहतकालीन अहवालांत पुन्हा पुन्हा भेटते. १८७२ च्या पहिल्या आणि १८८१ च्या पहिल्या समकालिक खानेसुमारीपासून वयाचे तक्ते ही अधिकाऱ्यांची डोकेदुखी होती. वीस, तीस, चाळीस या आकड्यांवर माणसांची गर्दी होई. पंचवीस आणि पस्तीस हे आकडेही फुगत. एकोणतीस आणि एकतीस मात्र ओस पडत. हे तक्ते सारखे करून घेण्यासाठी विमागणिती नेमावे लागले. शून्य आणि पाच या अंकांकडे असलेला हा ओढा मोजण्यासाठी लोकसंख्याशास्त्रात व्हिपलचा निर्देशांक वापरतात. २३ ते ६२ वयोगटाच्या आधारे काढलेला हा निर्देशांक ओढा मुळीच नसेल तर १००, आणि प्रत्येकाने शून्य किंवा पाचवर संपणारेच वय सांगितले तर ५०० येतो.

पण खानेसुमारीतील गोल आकड्यांवरून कालगणनेचे अज्ञान सिद्ध होत नाही. ज्या समाजात मुलाच्या जन्माची घटका-पळे टिपून पत्रिका मांडली जात असे, त्याच समाजातील माणूस प्रगणकाला ‘असेल चाळीस’ असे उत्तर देत होता. पत्रिका सर्व जातींत आणि सर्व घरांत नव्हती हे खरे. जेथे होती तेथेही ती विवाह जुळवणे आणि ग्रहशांती यांसाठी पेटीत राही. दारात आलेल्या सरकारी माणसासाठी ती बाहेर काढण्याचे काही कारण नव्हते.

वसाहतपूर्व काळात वयाचे नेमके भान वाङ्मयाच्या रचनेतही उतरलेले दिसते. बनारसीदास या जैन व्यापारी कवीने १६४१ साली ‘अर्धकथानक’ हे पद्य आत्मचरित्र लिहिले. विक्रम संवत १६४३ मध्ये जन्मलेल्या या कवीचे वय तेव्हा पंचावन्न होते. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून त्याने आपली कथा ‘अर्धी’ म्हटली. येथे वय हा ग्रंथाच्या शीर्षकाचा आणि आकाराचा पाया आहे. असे भान असलेल्या परंपरेला वयाविषयी बेफिकीर म्हणणे योग्य ठरत नाही.

दुसरीकडे, वंशाच्या नोंदी ठेवणाऱ्या ज्या देशी परंपरा आहेत त्यांना वयाची गरजच भासली नाही. मिथिलेतील पंजी-प्रबंध विवाहसंबंध निषिद्ध आहे की नाही हे ठरवण्यासाठी पिढ्या मोजतो. हरिद्वारचे पंडे आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय आपल्या वह्यांत यजमानाचे नाव, गाव, पूर्वज आणि त्याच्या येण्याचा काळ लिहितात. या वह्यांतून दोन भाऊ थोरले-धाकटे कोण ते कळते, पण त्यांतल्या कोणाचेही वय कळत नाही. क्रम महत्त्वाचा, अंतर नव्हे.

ज्या साधनाला वयाशी कर्तव्य नसते ते कधीकधी वयाच्या बाबतीत अधिक विश्वासार्ह ठरते, याचे मराठी इतिहासातील ठळक उदाहरण म्हणजे जेधे शकावली. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रकाशात आणलेली ही शकावली एका देशमुख घराण्याच्या संग्रहातील. उत्तरकालीन बखरींच्या आधारे शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ म्हणजे इ. स. १६२७ मध्ये धरला जात असे. शकावलीने तो शके १५५१ च्या फाल्गुनात दिला आणि ‘शिवभारता’ने त्यास दुजोरा दिला. याच तिथीवरून १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आली. शकावलीचे काम घटना क्रमाने टिपण्याचे होते. नायकाचे वय घडवण्याचा हेतू तिच्यामागे नव्हता.

या तारखेतून आणखी एक सावधगिरी शिकण्यासारखी आहे. शकात ७८ मिळवून इसवी सन काढण्याची सवय सर्वत्र आहे, परंतु पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना सामान्यतः ७९ मिळवावे लागतात. कुटुंबाच्या वहीतील शकाचे रूपांतर करताना हा एक मिळवायचा राहिला की व्यक्ती एका वर्षाने म्हातारी होते. रमाबाई रानडे यांचे जन्मवर्ष चरित्रात्मक लेखनात १८६२ आणि १८६३ असे दोन्ही आढळते आणि जन्मदिवस २५ जानेवारी सांगितला जातो. वर्षाच्या नेमक्या या भागातील जन्मांविषयी एका वर्षाचा फरक दिसल्यास, कोणावरही असत्याचा आरोप करण्यापूर्वी रूपांतराची शंका आधी घ्यावी.

४

येथपर्यंतची भिन्नता मोजणीची आणि हेतूची होती. मुलींच्या वयाकडे वळले की प्रश्नाचे स्वरूप बदलते. स्मृतिग्रंथांनी आठ वर्षांच्या मुलीस गौरी, नऊ वर्षांच्या मुलीस रोहिणी आणि दहा वर्षांच्या मुलीस कन्या म्हटले, आणि त्यापुढे अविवाहित मुलगी घरात असणे हा पित्याचा दोष मानला. परिणामी मुलीचे वय ही घराच्या अब्रूची बाब बनली. लग्न लांबले तर वय मागे ओढले जाई. दहा ते पंधरा या वयोगटात मुलींची संख्या अनपेक्षितपणे कमी भरते हे खानेसुमारीच्या अहवालांनी वारंवार नोंदवले. काही मुली सांगितल्याच गेल्या नाहीत. काही अविवाहित मुलींचे वय कमी करून त्यांना खालच्या गटात ढकलले गेले, तर काही विवाहितांना वरच्या गटात.

कायद्याने या आकड्याला नवे वजन दिले. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरील टिपणे प्रसृत केली. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंचा खटला १८८४ पासून १८८८ पर्यंत गाजला. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी ही मुलगी पतीच्या संभोगामुळे मरण पावली. तत्कालीन दंडसंहितेत संमतिवयाची मर्यादा दहा वर्षांची होती. फुलमणीचे वय दहाच्या वर असल्यामुळे पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू होऊ शकला नाही आणि त्याला किरकोळ गुन्ह्याखाली एक वर्षाची सक्तमजुरी झाली. जन्माची सरकारी नोंद सर्वत्र होत नसलेल्या काळात असे वय घरातल्या स्त्रियांच्या सांगण्यावर आणि डॉक्टरच्या अंदाजावर ठरे. त्या सांगण्यातल्या काही महिन्यांवर गुन्ह्याचे नाव आणि शिक्षेचे माप अवलंबून होते.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा बारावर नेली. महाराष्ट्रातील वादात टिळक विरोधात उभे राहिले, तर रा. गो. भांडारकर यांनी शास्त्राधारे विवाहवयाची चर्चा केली. हा सारा वाद बारा की दहा या आकड्यांभोवती फिरला. पण आकडा सिद्ध कसा करावा हा व्यावहारिक प्रश्न दोन्ही पक्षांना भेडसावत होता. सुधारणेला विरोध करणाऱ्यांनी हाच मुद्दा पुढे केला, आणि वयाची अनिश्चितता हे कायदा न करण्याचे कारण बनवले गेले.

१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने, म्हणजे रूढ भाषेत शारदा कायद्याने, मुलींसाठी चौदा आणि मुलांसाठी अठरा ही विवाहाची किमान वये ठरवली. कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात यायचा होता. मधल्या महिन्यांत देशभर घाईघाईने लहान मुलांची लग्ने उरकण्यात आली आणि १९३१ च्या खानेसुमारीच्या अहवालात त्याची दखल घेतली गेली. त्या खानेसुमारीतील मुलींची वये वाचताना एक उलटापालट लक्षात घ्यावी लागते. पूर्वी अविवाहित मुलीचे वय कमी सांगण्यात घराचे हित होते. आता विवाहित मुलीचे वय वाढवून सांगण्यात ते आले. एकाच घरातील एकच मुलगी लग्नाआधी लहान आणि लग्नानंतर अचानक मोठी झाली. मधे फक्त विचारणारा बदलला होता, कारण आधी जात विचारत होती आणि नंतर सरकार.

या दोन्ही आकड्यांत मुलीचे स्वतःचे उत्तर कोठेच नाही. तिचे वय तिच्यासाठी दुसऱ्यांनी सांगितले. कुटुंबेतिहासात आजीच्या वयाचा मेळ बसत नाही तेव्हा ती ‘विसरली’ असे म्हणण्याची पद्धत आहे. बऱ्याच प्रसंगी तिला विसरण्यासारखे काही सांगितलेच गेलेले नसते.

५

स्त्रियांची आत्मचरित्रे या पार्श्वभूमीवर वाचली तर वयाच्या उल्लेखांना वेगळा अर्थ प्राप्त होतो. राससुंदरी देवी यांचे ‘आमार जीबन’ हे बंगालीतील आद्य आत्मचरित्र मानले जाते. बाराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी पहिले अपत्य, एक्केचाळिसाव्या वर्षी शेवटचे, असा त्यांचा हिशेब आहे. मधल्या तेवीस वर्षांचे माप बारा बाळंतपणांनी घेतले आहे. येथे वयाचे आकडे नेमके असतील वा नसतील. स्वतःचे आयुष्य स्वतः मोजण्याचे कृत्य मात्र त्यांत निःसंशय आहे. चोरून वाचायला शिकलेल्या बाईने आपल्या वयाची नोंद स्वतःच्या हाताने केली, ही त्या ग्रंथातील मोठी घटना होय.

मराठीत रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झाले. त्यांचा विवाह १८७३ च्या अखेरीस झाला. न्या. रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा. तेव्हा विवाहप्रसंगी त्यांना एकतीस पुरी होऊन बत्तिसावे चालू होते. चरित्रात एकतीस लिहिले काय किंवा बत्तीस लिहिले काय, दोन्ही बरोबरच. वधूच्या वयात मात्र मोजणीचा एक आणि रूपांतराचा एक असे दोन फरक एकत्र आले की दहापासून बारापर्यंत कोणताही आकडा निघू शकतो. विवाहवयाच्या वादात हे तीन आकडे तीन निराळ्या बाजूंना उपयोगी पडण्यासारखे होते. चरित्रकाराने कोणता निवडला यावरून त्याची भूमिका तपासता येते.

लेखननिरक्षर कुटुंबांत वय घटनांशी बांधलेले असे. दख्खनमध्ये १८७६-७७ चा दुष्काळ, १८९६ पासूनचा प्लेग आणि १९१८ ची मानमोडीची साथ या घटनांच्या आगेमागे जन्म सांगितले जात. ‘प्लेगात मी रांगत होते’ हे वाक्य आकडा देत नाही, पण खानेसुमारीतील ‘चाळीस’पेक्षा ते इतिहासकाराला अधिक उपयोगी पडते. स्वातंत्र्योत्तर काळात प्रगणकांना वय ठरवण्यासाठी स्थानिक घटनांचा आधार घेण्याच्या सूचना दिल्या गेल्या, त्यात या लोकरीतीचीच कबुली होती.

६

विसाव्या शतकात वय ठरवण्याचे काम हळूहळू शाळेच्या हजेरीपटाकडे गेले. महाराष्ट्रात १ जून ही जन्मतारीख असलेल्यांची संख्या विस्मयकारक आहे. शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होई. डोक्यावरून हात नेऊन विरुद्ध बाजूचा कान धरता आला की मूल शाळेच्या वयाचे झाले असे मानण्याची रीत होती. तारीख ठाऊक नसे, तेव्हा गुरुजी प्रवेशास बसेल अशी तारीख लिहून टाकत. गरजेपोटी लिहिलेली ही तारीख पुढे शालान्त प्रमाणपत्रात गेली, तेथून सेवापुस्तकात आणि तेथून निवृत्तिवेतनात. केंद्र सरकारी सेवेतील निवृत्तीचे वय ५५ होते. ते १९६२ साली ५८ आणि १९९८ साली ६० झाले. नोंदीत एक वर्ष कमी असणे म्हणजे एक वर्षाची जादा नोकरी, हे गणित घराघरांत ठाऊक होते. तरीही दलित, आदिवासी आणि भूमिहीन घरांतील पहिल्या शिकलेल्या पिढीच्या १ जूनकडे लबाडी म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. ती तारीख म्हणजे राज्ययंत्रणेने त्यांना प्रथमच लिहून घेतल्याचा दिवस होय.

लिहिलेली तारीख पुढे किती अढळ होते याचे उदाहरण २०१२ साली देशाने पाहिले. तत्कालीन लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांची जन्मतारीख लष्कराच्या एका शाखेत १० मे १९५० आणि दुसऱ्या शाखेत १० मे १९५१ अशी होती. शालान्त प्रमाणपत्रात १९५१, तर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेश अर्जात १९५० असे वर्ष होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, अर्ज मागे घेतला गेला आणि ते १९५० च्या नोंदीनुसार निवृत्त झाले. १८६९ चा वाद आणि २०१२ चा वाद यांत सव्वाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. दोन्हीकडे किशोरवयात भरलेल्या एका कागदाने प्रौढ माणसाला गाठले.

कायद्यानेही पुराव्यांची उतरंड लावली आहे. अल्पवयीन न्याय कायदा, २०१५ नुसार वयनिश्चितीसाठी शाळेचा किंवा शालान्त परीक्षेचा दाखला आधी पाहिला जातो, तो नसेल तर स्थानिक संस्थेचा जन्मदाखला आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. म्हणजे ज्या कागदावर अंदाजाची दाट शक्यता आहे तो आरोपी मुलाच्या भवितव्याचा निर्णय करतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच प्रमुख पुरावा ठरवला. त्याआधीच्या पिढ्यांचे वय मात्र अनेकमुखीच राहणार आहे.

७

या विवेचनातून अभ्यासपद्धतीविषयी काही गोष्टी हाती लागतात. वयाचा प्रत्येक उल्लेख साधनाच्या नावासह आणि मोजणीच्या पद्धतीसह नोंदवावा, म्हणजे पूर्ण वर्षे, चालू वर्ष किंवा गर्भवर्ष यांपैकी काय अभिप्रेत आहे ते स्पष्ट व्हावे. शक, संवत, बंगाब्द किंवा फसली यांतून केलेले रूपांतर मूळ तिथीशिवाय देऊ नये. विसंगत आकडे टाकून न देता शेजारी ठेवावेत आणि त्यांतील फरक कोणत्या दिशेने झुकतो ते पाहावे. मोजणीच्या भेदाने येणारा फरक सहसा एका वर्षाच्या आत राहतो आणि एका पद्धतीत एकाच दिशेने जातो. विस्मरणाचा फरक गोल आकड्यांकडे धावतो. हितसंबंधाचा फरक कायद्याच्या, रूढीच्या किंवा नोकरीच्या एखाद्या मर्यादेपाशी येऊन थांबतो. तिन्हींची चाल निराळी असल्यामुळे ते ओळखता येतात.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला यात विशेष कर्तव्य आहे. आत्मचरित्रे एका भाषेतून दुसरीत नेताना ‘बाराव्या वर्षी’चे ‘बारा वर्षांची असताना’ होते आणि नायिका वाक्याच्या वळणासरशी एका वर्षाने मोठी होते. बालविवाह आणि मातृत्व हाच ज्या ग्रंथांचा विषय आहे, तेथे हे एक वर्ष अनुवादकाने आपल्या मर्जीने देऊ अथवा काढून घेऊ नये. ते ज्या मुलीचे होते तिला आपले वय सांगण्याची संधी आयुष्यात बहुधा त्या ग्रंथापुरतीच मिळाली होती.